तिसरा आरोप

१

शेवटच्या साध्या दिवशी मी आप्पांच्या खोलीतल्या मुंग्या उचलत होते.

रविवार होता. आप्पांच्या पलंगाच्या उशाशी भिंतीतून मुंग्यांची रांग निघाली होती आणि फडताळाच्या खालच्या कप्प्यात, पोथ्यांच्या मागे जात होती. आप्पांना आता वाकता येत नव्हतं. त्यांनी मला जुन्या धोतराचा मऊ तुकडा दिला आणि एकही न चिरडता परसात सोडून यायला सांगितलं. आमच्या घरात मुंगी मारणं तर लांबच, कुणी जोरात फुंकर घातली तरी आप्पा रागवायचे. इथं एवढ्या कशाला येतात, मी विचारलं. समईच्या तेलाला, ते म्हणाले. समई समोरच्या भिंतीला होती. मी पुढे काही विचारलं नाही.

धोतराचा तुकडा घेताना त्यांच्या बोटाकडे लक्ष गेलं. अंगठीच्या जागी नुसता पांढरा पट्टा होता. बोट बारीक झालंय, कपाटात ठेवलीय, असं ते घाईनं म्हणाले. त्यांना अंघोळ घालायला, भरवायला ठेवलेली वर्षाराणी मागं उभी होती. ती हसली.

"काय झालं गं?"

"काय न्हाई ताई. आजोबा लई जपून ठेवत्यात सगळं."

वर्षाराणी आमच्याकडे नवीन होती. त्याआधी धोंडुबाई होत्या, कितीतरी वर्षं. दादानं त्यांना का काढलं हे मला नीट कळलं नव्हतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सम्मेद. शिरोळला पुराचं पाणी घरात आलं त्या वर्षापासून आप्पा कोल्हापुरात शाहूपुरीत त्याच्याकडे राहत होते. मी गारगोटीला कॉलेजात मराठी शिकवते, रविवारी येऊन जायचे. त्या दिवशी वहिनी मुलांना घेऊन माहेरी कागलला गेली होती. दुपारी जेवताना दादानं पुन्हा हक्कसोडीचा विषय काढला. शिरोळच्या रानातला माझा हिस्सा मी लिहून सोडून द्यावा, बहिणी सोडतातच, असं त्याचं म्हणणं. मी ताटाकडं बघत होते. आप्पाच बोलले.

"ती सही करायची न्हाई. मी हाय तोवर तर न्हाईच."

"मग वाट बघतो की," दादा म्हणाला.

आम्ही तिघंही हसलो. आप्पा सगळ्यात जास्त.

दुपारच्या एसटीनं मी निघाले. दिवस मावळल्यावर त्यांचा फोन आला. तो रोज यायचा. वर्षाराणीनं दलियाची खीर भरवली, तोंड धुऊन दिलं, ती गेली, दिवस बुडाला, आता उद्यापर्यंत काही नाही, एवढंच त्यांना सांगायचं असायचं. आवाज स्वच्छ होता. शेवटी म्हणाले, "मुंग्या परत आल्यात बघ. पुढच्या रविवारी उचल."

मी बरं म्हणाले.

सकाळी दादाचा फोन आला. आप्पा उठत नव्हते.

२

मी पोचले तेव्हा दारात पोलिसांची गाडी होती. मला वाटलं, शेजारी काहीतरी झालंय.

पोलीस आप्पांसाठी आलेच नव्हते. ते वर्षाराणीला शोधत होते. राजारामपुरीत हंबीरराव नावाचे एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. वर्षाराणी आमच्याआधी त्यांच्याकडे होती. एका संध्याकाळी तिनं दिलेलं दूध पिऊन ते दुसऱ्या दुपारपर्यंत झोपले, आणि उठले तेव्हा गळ्यातली चेन नव्हती. अब्रूला भिऊन घरच्यांनी बरेच दिवस तक्रार केली नव्हती. शेवटी केली. ती केली म्हणून पोलीस त्या सोमवारी सकाळी आमच्या दारात आले, आणि आत त्यांना मेलेला म्हातारा माणूस सापडला. दादानं डॉक्टरांना बोलावलं होतं. वय झालेलं, साखरेचा आजार, ते दाखला लिहायलाच बसले होते. फौजदारानं पेन थांबवलं.

आप्पांच्या पोटात झोपेच्या गोळ्या निघाल्या. हंबीररावांच्या घरच्यांनी न धुता ठेवलेल्या चादरीवर सांडलेल्या दुधात होत्या त्याच जातीच्या. मग उत्तरेश्वर पेठेतल्या चिमणाबाई पुढं आल्या. त्यांच्याही चहाला एकदा कडू चव आली होती आणि हातातल्या पाटल्या गेल्या होत्या. वर्षाराणीच्या पत्र्याच्या ट्रंकेत हंबीररावांच्या चेनचा तुकडा सापडला. फडक्यात गुंडाळलेली आप्पांची अंगठीही सापडली.

अंगठी आजोबांनी दिली, असं ती म्हणाली. कशाबद्दल, या प्रश्नावर तिनं जे सांगितलं त्याला पोलीस ठाण्यात सगळे हसले म्हणतात. काय सांगितलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

गोळ्या कुणी चारल्या याबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्याचं कारण आप्पांचा नियम.

तीस वर्षांपूर्वी त्यांनी मुनी महाराजांसमोर रात्रीच्या अन्नपाण्याचा त्याग केला. दिवस बुडाला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. शिरोळकडच्या एका लग्नात मावळतीनंतर पंगत वाढायला घेतली तेव्हा आप्पांनी उभं राहून वाढप्यांच्या हातातल्या बादल्या खाली ठेवायला लावल्या होत्या. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, अजून ते सांगतात. म्हणजे मावळतीच्या आधी शेवटचं वाढणारा हात तोच गुन्हेगार, आणि तो हात वर्षाराणीचा. आप्पांच्या नियमानं गुन्ह्याची वेळ बांधून दिली होती. दादानं जबाबात तेच सांगितलं. बस्तीच्या दोन विश्वस्तांनीही तेच.

नियमाची आणखी एक गोष्ट आहे. आईनंही त्यांच्याबरोबरच तो घेतला होता. शेवटच्या तापात तिनं रात्री पाणी मागितलं. आप्पा उशाशी बसून णमोकार म्हणत राहिले आणि खिडकीतून उजाडायची वाट बघत राहिले. उजाडल्यावर त्यांनी चमच्यानं पाणी पाजलं, ते ओठांवरून उशीवर आलं. बस्तीत तिचं मरण उदाहरण म्हणून सांगतात. सांगणारे बहुतेक वेळा आप्पाच असायचे. महाराजांना विचारलं असतं तर त्यांनीच आजाऱ्याला मोकळीक दिली असती, हे मला फार पुढे कळलं. आप्पांना तेव्हाही माहीत असावं.

सुतक संपल्यावर दादानं कागद पुढं केला. मी हक्कसोडीवर सही केली. नाही म्हणणारा माणूस आता नव्हता.

३

खटला उभा राहिल्यावर वर्षाराणीचा वकील मला भेटायला गारगोटीला आला. मी सरकारी पक्षाची साक्षीदार होते. त्यानं आधी प्राचार्यांना सांगितलं, मग स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या देखत खुर्ची ओढून बसला. ॲडव्होकेट उदयसिंह. सरकारनं फुकट दिलेला वकील, पण आवाज फुकटातला नव्हता.

"बघा मॅडम, ती चोर हाय," तो म्हणाला. "दोन म्हाताऱ्यांना तिनं गोळ्या घातल्या. मला शंका न्हाई. मी तिचा वकील हाय, मेव्हणा न्हाई."

मग माझ्याकडं का आलात, मी विचारलं.

त्यानं सावकाश समजावलं. चिमणाबाईंचा एक आरोप, हंबीररावांचा दुसरा, आप्पांच्या खुनाचा तिसरा. सरकारनं तिन्ही एकाच खटल्यात बांधले होते. तिसरा वेगळा काढा, असा त्याचा अर्ज कोर्टानं फेटाळला होता, कारण पद्धत एकच दिसत होती. मात्र न्यायाधीशांनी एक वाक्य लिहून ठेवलं होतं. प्रत्येक आरोप त्याच्या स्वतःच्या पुराव्यावर उभा राहिला पाहिजे. एकाचा पुरावा दुसऱ्यात वापरायचा तर तिन्हीकडं एकच हात होता, हे आधी दिसलं पाहिजे.

"नुसती चोरटी बाई म्हणून तिला खुनी ठरवता येत न्हाई," तो म्हणाला. "आधी तो हात तुमच्या आप्पांच्या वाटीपर्यंत पोचवायला लागतोय. तो पोचवतोय तुमच्या आप्पांचा नियम. तेवढी एकच पायरी हाय. ती हाय तर तिन्ही पुरावे एकमेकांच्या अंगावर चढत्यात, आणि बाई फासावर जाती. ती न्हाई, तर तिसऱ्यात अंगठीशिवाय काय उरत न्हाई."

मग त्यानं विचारलं, आप्पा नियम पाळत होते ना.

"नियम होता," मी म्हणाले.

तो माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिला. वकिलाला आणि मराठीच्या मास्तरणीला, दोघांनाही कळतं, विचारलेलं एक आणि सांगितलेलं दुसरं. पण त्यानं ताणलं नाही. फाईल उघडली आणि पोलिसांनी त्या सकाळी काढलेले फोटो टेबलावर ठेवले. काही वेगळं दिसलं तर सांगा म्हणाला.

आप्पांची खोली. पलंग. पोथ्यांचं फडताळ. पहिल्या फोटोत काही नव्हतं. दुसरा फरशीच्या उंचीवरून काढलेला होता. पलंगाच्या चारही पायांभोवती पांढऱ्या गोल रेघा होत्या. फडताळाच्या खालच्या कप्प्यासमोर आणखी एक, आडवी, जाड.

"रांगोळी हाय काय ती?" उदयसिंह म्हणाला.

ती मुंग्या मारायच्या खडूची रेघ होती. ज्या घरात कधी मुंगी मारली गेली नव्हती, तिथं.

मी फोटो परत केले आणि तासाची घंटा झाली म्हणाले. घंटा व्हायची होती.

४

आता मला माहीत असलेली गोष्ट सांगते.

आप्पा रात्री खायचे.

आदल्या हिवाळ्यात मी सुट्टीला शाहूपुरीत राहिले होते. मध्येच उठून त्यांच्या खोलीवरून जाताना आतून आवाज आला. अंधारात कुणीतरी चावत होतं, हळू, थांबून थांबून. मी दारात उभी राहिले. रस्त्यावरच्या दिव्याचा थोडा उजेड होता. आप्पा पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसले होते आणि दोन्ही हातांनी लाडू तोंडाशी धरला होता, लहान मूल धरतं तसा. पाऊल वाजलं असावं. चावणं थांबलं. ते वळले नाहीत. मी परत गेले.

त्यांची साखर रात्री एकदम उतरायची. घाम सुटला की लगेच गोड खा, नाहीतर सकाळ बघणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून फडताळात, पोथ्यांच्या मागं, राजगिऱ्याच्या लाडवांचा पितळी डबा होता. म्हणून मुंग्या यायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मी त्यांच्याकडं. ज्या माणसानं बायकोला पाणी दिलं नाही तो लाडू खातोय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्यावर काय बोलायचं हे मला सुचलं नाही, आणि पुढं कधीच सुचलं नाही.

त्या सकाळच्या एका फोटोत पोथ्या पुढं ओढलेल्या होत्या, मागं डबा नव्हता.

आप्पांचा फोन दिवस बुडाल्यावरचा. तेव्हा वर्षाराणी गेली होती, आणि मुंग्या परत आल्या होत्या. म्हणजे तोवर खडू ओढलेला नव्हता, डबा जागेवर होता. सकाळी पोलीस आले तेव्हा डबा गेला होता आणि खडू ओढलेला होता. आप्पा जागे असताना त्यांच्या खोलीत कुणी तो खडू ओढूच शकलं नसतं. मधल्या रात्री घरात दोनच माणसं होती.

मी धोंडुबाईंकडं गेले. गंगावेशीत भाजीच्या मार्केटमागं त्या लेकीकडं राहतात. मला बघून आधी भांडल्या. माझ्या हातचं जेवून म्हातारा जगला असता, म्हणाल्या, तुझ्या भावाला स्वस्तातली बाई पायजे हुती. मग रडल्या, मग चहा टाकला. मी विचारलं, वर्षाराणीला दादाकडं कुणी आणलं.

धोंडुबाईंनी चहा गाळला, कप पुढं ठेवला.

"मीच तिचं नाव सांगितलं त्याला," त्या म्हणाल्या. "अगं, सावध करायला. म्हटलं, सम्मेद, ती वर्षाराणी म्हणून एक हाय, चिमणाबाईच्या घरात तिनं म्हातारीला गुंगी घालून पाटल्या नेल्या म्हणत्यात, कुणी दारात आणली तर घेऊ नगंस. त्यानं नीट ऐकून घेतलं. ती कुठं राहती ते बी इचारलं. आणि त्याच आठवड्यात मला काढलं, तिला आणलं."

५

वर्षाराणीला कोर्टात आणत तेव्हा दोन महिला पोलीस तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवत. माझी साक्ष दोनदा पुढं गेली. तिसऱ्या तारखेला ती आणि मी समोरासमोर आलो. पोलीस बायका आपसात बोलत होत्या.

"ताई, बरं हाय न्हवं?" ती म्हणाली. सहा महिन्यांच्या कळंब्याच्या जेलनं ती जरा गोरी झाली होती. "माझ्या फाशीला या बरं का. जेवण दिवस बुडायच्या आत ठेवते."

मी तिला अंगठीबद्दल विचारलं.

तिनं सांगितलं. अंथरूण झटकताना राजगिऱ्याचे कण सापडले. मग डबा सापडला. मग तिनं आप्पांना विचारलं, आजोबा, सांगू काय बस्तीत? आप्पांनी आधी शंभराची नोट दिली. मग आणखी. मग दर दोन-चार दिवसांनी ती अंघोळ घालताना विचारायची, सांगू काय? पैसे संपल्यावर अंगठी दिली.

"हात जोडायचा म्हातारा," ती म्हणाली. "अंगावर कापड न्हाई, साबण डोळ्यात गेलेला, आणि हात जोडून बसायचा. मला हसायला यायचं. खरं सांगते, वाईट बी वाटायचं, पण हसायलाच जास्ती."

मी तिच्या तोंडावर मारलं नाही. मी शिकलेली बाई आहे, हात उचलत नाही. फक्त विचारलं, डबा कोण भरायचं.

"तुझा भाऊ. दुसरं कोण? म्हाताऱ्याला संडासापर्यंत चालता येत न्हवतं, दुकानात जातोय व्हय?" मग ती पुढं वाकली. "मी पोलिसांना हे सगळं सांगितलं. म्हातारा रातच्याला खायचा म्हटलं तर म्हणाले, जैन माणसावर असलं बोलतीस, जीभ झडंल. गोळ्या मी दोघांना दिल्या, तेवढ्याची शिक्षा घालायची तर घाला. त्याला कशाला देऊ? तो जिवंत हाय तोवर मला पगार बी आणि वरचं बी. मरून माझं काय भलं हुतं?"

मग ती मोठ्यानं हसली, पोलीस बायकांनी वळून बघितलं इतकी.

"तू पण बघितलंयस की त्याला खाताना. त्यानंच सांगितलं मला. माझ्या लेकीनं बघितलंय म्हणाला, ती कुणाला सांगायची न्हाई. तू काय बोलणार हैस?"

६

मी दादाकडं गेले. वहिनीनं जेवायला वाढलं, आग्रह केला, मुलांचे मार्क दाखवले. मग दादा आणि मी आप्पांच्या खोलीत बसलो. पलंग होता तिथंच होता.

मी खडूबद्दल विचारलं.

तो गोंधळला नाही. सकाळी उठून बघतो तर आप्पांच्या ओठांवर मुंग्या होत्या, म्हणाला. तोंडात जात होत्या. बापाच्या तोंडात मुंग्या बघवत नाहीत. वहिनीचा खडू स्वयंपाकघराच्या मोरीखाली लपवलेला असतो, तो आणून ओढला. कुणीही ओढला असता.

"ओठांवर कशाला येतील?" मी म्हणाले. "तोंड धुऊन झोपले होते. मावळतीनंतर त्यांनी काही घेतलं नाही, असा तुझा जबाब आहे."

दादानं चादरीची सुरकुती सारखी केली.

"आणि फडताळासमोर का ओढलास? तिथं पोथ्याच होत्या ना?"

बाहेर वहिनी भांडी लावत होती. मग त्यानं ज्या आवाजात हक्कसोडीचा कागद पुढं केला होता त्याच आवाजात मला समजावलं. खडूवर कुणाला फाशी होत नाही. डबा नाही, लाडू नाही, कण नाहीत. आप्पा मला फोनवर काय म्हणाले ते पुराव्यात घ्यायचं की नाही, यावरच सरकारी वकील तासभर भांडेल. धोंडुबाई कामावरून काढलेली बाई. राहिली मी.

"आणि तू काय सांगणार?" तो म्हणाला. "आप्पा अंधारात चोरून खायचे? आईला पाणी न देणारा माणूस? बस्तीत त्यांचा फोटो लागलाय. पुढच्या चतुर्दशीला त्यांच्या नावानं पूजा हाय. जा, सांग. ती बाई त्यांना अंघोळीत हसायची, मी ऐकलंय, आता सगळं कोल्हापूर हसंल."

मला तेव्हा संपूर्ण कळलं. गोळ्या डब्यातल्या लाडवांतून गेल्या होत्या, आणि त्या डॉक्टर सर्रास लिहून देतात त्याच जातीच्या होत्या. आप्पा झोपेतच गेले असं ठरलं असतं तर प्रश्नच नव्हता. नाही ठरलं, तर चोर म्हणून नाव झालेली बाई घरात आणून ठेवलेलीच होती. तिच्या चोऱ्यांचा पुरावा दादासाठी आयताच तयार होता. त्याला स्वतः काहीच रचावं लागलं नाही. नियमाबद्दल बस्ती मनापासून खरं बोलणार होती. आणि मी गप्प बसणार होते. माझ्या गप्प बसण्यावर त्यानं सगळ्यात जास्त भरवसा ठेवला होता. आप्पांनीही ठेवला होता.

"दादा, तू त्यांना रानासाठी मारलंस?"

"वाट बघतो म्हणालो होतो," तो म्हणाला. "तूही हसलीस."

वहिनी ताक घेऊन आत आली. दादानं पेला घेतला, मला दुसरा दिला. दिवस बुडायला आलाय, पिऊन घे, म्हणाला.

७

उदयसिंहला मी आदल्या दिवशी फोन करून एवढंच सांगितलं की नियम पाळला जात होता का, हे मला कोर्टात विचारा. मग त्यानं स्पष्ट सांगितलं. वर्षाराणी तिसऱ्या आरोपातून सुटेल. पहिल्या दोहोंत तिला शिक्षा लागेलच, त्याला तो आड येणार नाही. तुमच्या भावाचं काय होईल ते सांगता येत नाही. पोलीस पुन्हा बघतील, किंवा बघणार नाहीत. "आप्पांचं नाव मात्र नक्की जाईल, मॅडम. ते परत मिळत न्हाई. उद्या सकाळपर्यंत इचार करा."

सकाळी कोर्ट भरलेलं होतं. बस्तीचे दोन्ही विश्वस्त पहिल्या बाकावर होते, पांढऱ्या टोप्या मांडीवर. त्यांच्या शेजारी दादा. त्याची साक्ष झालेली होती. वर्षाराणी आरोपीच्या पिंजऱ्यात नखं बघत उभी होती.

सरकारी वकिलानं सौम्यपणे विचारलं. वडिलांनी रात्रीच्या अन्नपाण्याचा त्याग केला होता का. केला होता, मी म्हणाले. किती वर्षांपूर्वी, कुणासमोर. मी सांगितलं. न्यायाधीश टायपिस्टला वाक्यं सांगत गेले. विश्वस्तांनी माना हलवल्या.

मग उदयसिंह उठला. त्यानं फाईल उघडली नाही.

"तो नियम शेवटपर्यंत पाळला गेला?"

मी दादाकडं बघितलं नाही. टायपिस्टच्या हातांकडं बघत होते. बोटं वर थांबलेली होती.

"नाही. ते रात्री खायचे. राजगिऱ्याचे लाडू, पोथ्यांमागच्या पितळी डब्यातले. मी स्वतः पाहिलं आहे."

मागं कुणीतरी च्च् केलं. एका विश्वस्तानं टोपी घातली आणि तो उठून बाहेर गेला. न्यायाधीशांनी मला पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, आणि त्यांनी टायपिस्टला सांगितलं, साक्षीदार म्हणते की मयत सूर्यास्तानंतर अन्न घेत असे. उदयसिंहनं फोटो दाखवला. मी खडूच्या रेघा दाखवल्या, आणि आदल्या संध्याकाळी आप्पा फोनवर मुंग्या परत आल्यात म्हणाले होते ते सांगितलं. त्या सकाळी डबा जागेवर नव्हता, आणि तो डबा माझा भाऊ भरत होता असं मला आरोपीनं सांगितलं, हेही म्हणाले. सरकारी वकील हरकत घेत उभा राहिला. ऐकीव आहे. फोनवरचं बोलणंही ऐकीव. न्यायाधीशांनी डबा भाऊ भरत होता हे वाक्य काढायला लावलं, फोनवरचं निकालाच्या वेळी बघू म्हणाले, फोटो आत घेतला. पिंजऱ्यात वर्षाराणी तोंडावर पदर घेऊन हसत होती. पहिल्या बाकाच्या टोकाला बसलेला फौजदार आता माझ्याकडं बघत नव्हता. तो मान वळवून दादाकडं बघत होता.

"झालं," उदयसिंह म्हणाला आणि खाली बसला.

न्यायाधीश म्हणाले, बाई, उतरा.

मी उतरले नाही. कठड्याचं लाकूड हाताला गार लागत होतं. मला जे बोलायचं होतं ते कुणी विचारलेलं नव्हतं, त्याचा कुठल्याच आरोपाशी संबंध नव्हता, ते कुणी लिहून घेणार नव्हतं. न्यायाधीशांनी टायपिस्टला हातानं थांबायची खूण केली. मी समोरच्या भिंतीकडं बघून, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचतो तेवढ्या आवाजात म्हणाले,

"आप्पा, दिवा लावून खायचं होतं. मी वाढलं असतं."